कुर्डू: सोयाबीनमधलं तण, पावसाळ्यातली भाजी आणि लागोसच्या बाजारातलं पीक

सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये एसटीच्या खिडकीतून बाहेर बघितलं, की सोयाबीनच्या, तुरीच्या रानात, बांधावर आणि पडीक जमिनीत एक फूल हमखास दिसतं. मेणबत्तीसारखा उभा तुरा, खाली चंदेरी पांढरा आणि टोकाला गुलाबी. हात लावला तर कागदासारखा कोरडा लागतो. सध्या याचे रील भरपूर फिरतात आणि खाली प्रश्न ठरलेला असतो, हे फूल कोणतं?

उत्तरंही ठरलेलीच येतात. सोयाबीन पिकवणारा सांगतो की हे तण आहे, रान खाऊन टाकतं. रायगड-पालघरकडचं कुणीतरी सांगतं की आमच्याकडे याची भाजी करतात, पण तुरा यायच्या आधी. आणि तेलंगणाला लागून असलेल्या गावातलं कुणी असेल तर ते म्हणतं, हे बतुकम्माचं फूल.

तिघंही बरोबर आहेत. वनस्पती एकच, कुर्डू. कुठे कुरडू म्हणतात, कुठे नुसतंच कोंबडा. हिंदीत सफेद मुर्गा, कन्नडमध्ये अण्णे सोप्पु, तेलुगूत गुनुगु. वनस्पतिशास्त्रातलं नाव सेलोशिया अर्जेंशिया, जे कार्ल लिनियसने १७५३ साली दिलं. यातला सेलोशिया हा शब्द 'जळणं' या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून आलाय, कारण याच्या काही जातींची फुलं ज्वाळेसारखी दिसतात. अर्जेंशिया म्हणजे चंदेरी.

पण या तिघांनाही सहसा माहीत नसलेली एक चौथी गोष्ट आहे. आपण जे खुरप्याने उपटून बांधावर फेकतो, ते नायजेरियात वाफे करून, बी पेरून, पाणी देऊन पिकवतात आणि बाजारात जुडी करून विकतात.

कुणाच्या घरातलं?

कुर्डू राजगिऱ्याच्या कुळातलं, म्हणजे अमरँथेसी कुळातलं. अमरँथ या नावाच्या मुळाशी 'न कोमेजणारं' असा अर्थ असलेला ग्रीक शब्द आहे. कुर्डूचा तुरा तोडून पाण्याविना ठेवला तरी कितीतरी दिवस तसाच दिसतो, त्यावरून हे नाव का पडलं असेल ते कळतं.

हे कुळ आपल्या ताटात रोज असतं, फक्त आपण तसा विचार केलेला नसतो. राजगिरा, माठ, तांदुळजा, काटेमाठ तर यातलेच. पूर्वी पालक, बीट आणि चाकवत यांचं वेगळं कुळ मानायचे, १९९८ नंतरच्या वर्गीकरणात तेही इथेच आले. हल्ली महाग पाकिटात मिळणारा किनोआही याच घरातला. आणि गणपतीच्या पत्रीत लागणारा आघाडासुद्धा.

या कुळाची एक गंमत म्हणजे रंग. जांभळाचा किंवा लाल कोबीचा रंग ज्या रंगद्रव्यामुळे येतो ते या कुळात नसतंच. इथले लाल, गुलाबी, पिवळे रंग बीटालेन नावाच्या द्रव्यांमुळे येतात. नावावरून लक्षात आलं असेल, ही पहिल्यांदा नीट अभ्यासली गेली ती बीटमध्ये. बागेत लावतात तो गडद लाल, मखमली, कोंबड्याच्या तुऱ्यासारखा कोंबडा कुर्डूचाच भाऊ. बरेच वनस्पतिशास्त्रज्ञ दोघांना एकाच प्रजातीचे दोन प्रकार मानतात. म्हणजे एक भाऊ कुंडीत बसलाय आणि दुसऱ्यावर फवारणी चालू आहे.

कुर्डू मूळचं आफ्रिकेतलं की भारतातलं, यावर तज्ज्ञांचं एकमत नाही. आज ते उष्ण कटिबंधात जवळपास सगळीकडे सापडतं.

शेतकरी चिडतो ते उगाच नाही

रानभाज्यांवरच्या बऱ्याच पोस्टमध्ये एक सूर असतो, की बघा, ज्याला तुम्ही तण म्हणता ते तर अमृत आहे. शेतात राबणाऱ्या माणसाला हे ऐकून राग येतो आणि तो यायलाच हवा.

पहिला पाऊस पडला की कुर्डू सोयाबीन, भुईमूग, बाजरी, मका यांच्या बरोबरीने उगवतं. पेरणीनंतरचा पहिला महिना-दीड महिना पिकाच्या दृष्टीने नाजूक. त्या काळात तणाने ऊन, पाणी आणि खत ओढलं तर नंतर कितीही निंदलं तरी उत्पन्नातली घट भरून निघत नाही. कुर्डू भराभर वाढतं, सोयाबीनच्या वर डोकं काढतं आणि चांगल्या जमिनीत कंबरेच्याही वर जातं. खोड जून झाल्यावर उपटायला जोर लागतो.

खरी डोकेदुखी बियांची. एका तुऱ्यात बारीक, काळ्या, चकचकीत, भिंगाच्या आकाराच्या बिया असतात. झाडाला तुरे अनेक, त्यामुळे एक झाड हजारो बिया टाकतं. त्या सगळ्या पुढच्या वर्षी उगवत नाहीत, काही मातीत पडून राहतात आणि जमेल तेव्हा वर येतात. एका वर्षीचा आळस पुढची कितीतरी वर्षं निंदावा लागतो.

आता खुरपणीबद्दल. हे काम जवळजवळ सगळीकडे बायकांचं. ओळीत बसून, खुरप्याने एकेक तण काढत पुढे सरकायचं. यात एक व्यवस्था आपोआप चालू होती, जिची नोंद कुणी ठेवली नाही. तण काढणारी बाईच संध्याकाळी घरी स्वयंपाक करणार होती. त्यामुळे काढलेल्या तणातलं कोवळं कुर्डू, तांदुळजा, कुंजर, घोळ हे ओट्यात जमा व्हायचं आणि बाकीचं बांधावर पडायचं. एकाच कामात पीक मोकळं व्हायचं आणि रात्रीची भाजी मिळायची. कोणतं पान कधी खायचं, कोणतं नाही, हे मुलींना शिकवायची शाळाही तीच होती.

मजुरी वाढली, माणसं मिळेनाशी झाली आणि तणनाशकं आली. एका दिवसात एक माणूस पाठीवर पंप घेऊन जेवढं रान फवारतो, तेवढ्याला खुरपणीला कितीतरी बायका लागायच्या. हिशोब सरळ आहे, त्यात शेतकऱ्याला दोष देण्यासारखं काही नाही. पण फवारणीने तणाबरोबर ओट्यातली भाजीही गेली. फवारलेल्या रानातलं तण कुणी खात नाही, खाऊही नये. कुर्डू संपलेलं नाही, तुरे अजून दिसतात. खाण्याजोगं कुर्डू कमी झालंय आणि ते ओळखणारे डोळे त्याहून कमी झालेत.

भाजी कशी असते

जून-जुलैत उगवलेलं कुर्डू वीतभर झालं की खुडायला येतं. शेंड्याकडचा कोवळा भाग आणि वरची पानं घ्यायची. पावसाळ्यात ठाणे, पालघर, रायगड भागात कातकरी, ठाकर, वारली बायका रानभाज्या घेऊन रस्त्याकडेला किंवा स्टेशनबाहेर बसतात, त्यांच्या टोपलीत टाकळा, शेवळं, फोडशी यांच्यासोबत कुर्डूच्या जुड्या असतात. कृषी विभागही गेली काही वर्षं ऑगस्टमध्ये, जागतिक आदिवासी दिनाच्या सुमारास, जिल्ह्याजिल्ह्यांत रानभाजी महोत्सव भरवतो. तिथेही कुर्डू बघायला मिळतं.

करायची पद्धत साधी. पानं निवडून, दोन-तीन पाण्यातून धुवून बारीक चिरायची. तेलात लसूण आणि हिरवी मिरची, मग भरपूर कांदा, तो मऊ झाला की भिजवलेली मूगडाळ आणि चिरलेली भाजी. कोकणात वरून ओलं खोबरं येतं, घाटावर दाण्याचं कूट किंवा पेरलेलं बेसन. चव पालकाच्या जवळची, थोडी मातकट, माठापेक्षा सौम्य. भाजी शिजून खूप कमी होते, त्यामुळे चार माणसांसाठी परात भरून पानं लागतात. पहिल्यांदा करणाऱ्याची फजिती इथेच होते.

एक टप्पा मात्र गाळू नका. पालक, चाकवत, माठ यांच्यासारखंच कुर्डूतही ऑक्झलेट असतं. पानं आधी उकळत्या पाण्यातून काढून ते पाणी फेकून दिलं तर त्यातला बराच भाग निघून जातो. लालसर जातीची पानं उकळली की पाणी काळपट होतं आणि पानं हिरवीच राहतात, ते बघून घाबरायचं कारण नाही. रंगद्रव्य पाण्यात उतरतं, एवढंच.

तुरा आला की भाजी संपली असं समजायचं. तेव्हा पानं चिवट आणि कडसर होतात. हा तुरा कधी येणार हे दिवसाच्या लांबीवर बरंचसं ठरतं. दिवस लहान व्हायला लागले की झाड पानं वाढवायचं सोडून फुलावर येतं. म्हणून पावसाळ्याच्या सुरुवातीचं कुर्डू भरपूर पानं देतं आणि उशिरा उगवलेलं झाड वीतभर असतानाच तुरा काढतं.

ओळखण्यात चूक नको

कुर्डूची पानं लांबट, भाल्याच्या पात्यासारखी, टोकाला निमुळती. खोडावर एकाआड एक लागतात. खोड सरळ, त्यावर उभ्या रेषा, बऱ्याचदा लालसर झाक. काटे अजिबात नाहीत.

काटे दिसले तर तो काटेमाठ. पानं समोरासमोर जोडीने असतील तर बहुधा आघाडा, त्याच्या लांब दांडीवरची फळं उलटी वळलेली असतात आणि कपड्याला चिकटतात. कुंजर ओळखायला त्याची बारीक, वेलासारखी लवचिक दांडी आणि गुलाबी रंगाच्या विरळ फुलांचा लांब तुरा बघावा, तीही खायची भाजीच आहे. कोवळेपणी तुरा नसताना ही सगळी रोपं नवख्याला सारखी वाटतात. त्यामुळे फोटो बघून किंवा मोबाईलच्या ॲपवर भरवसा ठेवून पहिल्यांदा तोडू नका. ज्यांनी आयुष्यभर ही भाजी खाल्ली आहे अशा कुणाकडून रोप हातात घेऊन ओळख करून घ्या. सोपा उपाय म्हणजे पहिली जुडी विकणाऱ्या मावशींकडून घ्यायची आणि निवडताना नीट बघायची.

शेजारच्या राज्यात हेच फूल पूजेत

तेलंगणात भाद्रपद अमावस्येपासून, म्हणजे आपल्या सर्वपित्री अमावस्येपासून, दुर्गाष्टमीपर्यंत नऊ दिवस बतुकम्मा हा बायकांचा सण असतो. फुलांचे थर एकावर एक रचून मंदिराच्या शिखरासारखा मनोरा करायचा, त्याच्याभोवती फेर धरून टाळ्या वाजवत गाणी म्हणायची आणि शेवटी तो तळ्यात सोडायचा. आपला भोंडला ज्यांनी खेळलाय त्यांना यातलं बरंच ओळखीचं वाटेल.

या मनोऱ्यात दोन फुलं मुख्य. एक तंगेडू, म्हणजे आपला पिवळा तरवड, आणि दुसरं गुनुगु, म्हणजे कुर्डू. दोन्ही माळरानावर फुकट मिळणारी. गुनुगुच्या तुऱ्यांचे देठ सारखे कापून जुड्या बांधतात आणि काही जुड्या गुलाबी, निळ्या, हिरव्या रंगात बुडवतात. तुरा कोरडा आणि पांढरा असल्यामुळे रंग छान धरतो. झेंडू, शेवंती वगैरे नंतर येतात. २०१४ साली तेलंगण वेगळं राज्य झालं आणि त्याच वर्षी बतुकम्माला राज्य सणाचा दर्जा मिळाला.

महाराष्ट्रातही सोलापूर, मुंबई, भिवंडी अशा जुन्या तेलुगू वस्त्या असलेल्या ठिकाणी आणि तेलंगणाच्या सीमेलगतच्या गावांत बतुकम्मा होतो. म्हणजे कुर्डूला फूल म्हणून मागणी असणारी माणसं आपल्याच राज्यात आहेत. शहरात हे फूल आता विकत घ्यावं लागतं.

लागोसचा पालक

आता नायजेरिया. इंग्रजीत कुर्डूला जी नावं आहेत त्यातलं एक लागोस शहराच्या नावाने ओळखलं जातं, त्याचा अर्थ 'लागोसचा पालक'. नैऋत्य नायजेरियातले योरुबा लोक याला सोको म्हणतात. सोको योकोतो या पूर्ण नावाचा अर्थ नवऱ्याला गुटगुटीत आणि खूश ठेवणारी भाजी, असा काहीसा सांगितला जातो. मिरची, पाम तेल, मांस किंवा सुकी मासळी घालून जो एफो रिरो नावाचा दाट रस्सा तिथे करतात, त्यात सोको किंवा तेते घालतात. तेते म्हणजे माठ-तांदुळज्याचा भाऊबंद. कुळ तेच, फक्त तेल वेगळं!

अमेरिकेच्या नॅशनल रिसर्च कौन्सिलने २००६ मध्ये आफ्रिकेतल्या दुर्लक्षित भाज्यांवर एक ग्रंथ काढला, त्यात कुर्डूसाठी स्वतंत्र प्रकरण आहे. नायजेरिया आणि शेजारच्या बेनिनमध्ये शहरांच्या आसपासचे छोटे भाजीवाले शेतकरी ते पिकवतात. कारण व्यवहाराचं आहे. पेरल्यापासून महिन्या-दीड महिन्यात पैसे हातात येतात, उन्हाळा सोसतं आणि ज्या दमट गरमीत पालक लगेच बसतो तिथे हे उभं राहतं. पालकाला थंडी लागते, कुर्डूला २५ ते ३० अंश तापमान मानवतं. आपल्याकडे एप्रिल ते सप्टेंबर या काळात पालेभाज्यांचे भाव का चढतात ते आठवलं की यातला मुद्दा कळतो.

ज्वारीवाल्यांसाठी आणखी एक गोष्ट. ज्वारीच्या मुळांवर जगणारा टारफुला जुन्या शेतकऱ्यांना चांगला माहीत आहे. जांभळ्या किंवा पांढऱ्या फुलांचं हे परजीवी तण ज्वारीचा रस शोषतं, आफ्रिकेत तर त्याने हाहाकार केलाय. टारफुल्याचं बी मातीत वाट बघत पडून असतं आणि जवळ योग्य मूळ आल्याचा रासायनिक संकेत मिळाला की उगवतं. कुर्डूची मुळंही असा संकेत देतात, पण टारफुल्याला त्यांच्यावर जगता येत नाही. बी उगवतं आणि मरतं. युगांडात ज्वारीबरोबर कुर्डू लावून झालेल्या प्रयोगांत टारफुला कमी झाल्याचं २००३ साली प्रसिद्ध झालं. म्हणून आपल्या ज्वारीत कुर्डू वाढू द्यावं असा याचा अर्थ नाही. आपली जमीन, आपले वाण आणि आपलं कुर्डू यांच्यावर प्रयोग करूनच ते ठरवता येईल. कृषी विद्यापीठांना हा विषय घेण्यासारखा आहे.

मुतखड्याचा फॉरवर्ड

कुर्डूच्या बियांबद्दलचा एक मेसेज दर पावसाळ्यात फिरतो, चमचाभर बी घ्या, मुतखडा पडून जाईल. याला परंपरेचा आधार आहे हे खरं. आयुर्वेदात ही वनस्पती शितिवार नावाने येते आणि खेड्यांत लघवीच्या तक्रारींवर याचं बी देतात. चिनी वैद्यकात हेच बी डोळ्यांच्या विकारांवर वापरतात. उंदरांवर झालेल्या काही प्रयोगांत बियांतल्या घटकांनी यकृताचं संरक्षण केल्याचंही दिसलंय.

पण उंदरांवरचा प्रयोग आणि आपल्या बाबांचा मुतखडा यांत फार अंतर आहे. त्यातही या मेसेजसोबत 'कुर्डूची भाजीही रोज खा' असं जोडलेलं असतं आणि तिथे गडबड होते. सगळ्यात जास्त आढळणारे मुतखडे कॅल्शियम ऑक्झलेटचे असतात, आणि कुर्डूच्या पानात ऑक्झलेट असतं हे वर आलंच. ज्यांना असा खडा होऊन गेलाय त्यांनी ही भाजी, आणि पालकसुद्धा, डॉक्टरांना विचारून आणि उकळलेलं पाणी टाकूनच खावी. काचबिंदू असलेल्यांनी तर बियांच्या वाटेला जाऊच नये. त्या बियांनी डोळ्याची बाहुली मोठी होते म्हणून काचबिंदूत त्या टाळाव्या, असा इशारा खुद्द चिनी वैद्यकाच्याच ग्रंथांत दिला जातो. गरोदर बायकांनीही औषध म्हणून बी घेऊ नये. भाजी ही भाजी म्हणून खा.

कुठलं कुर्डू तोडू नये

हा भाग सगळ्यात महत्त्वाचा आहे, कारण शहरातली मंडळी आता हौसेने रानभाज्या शोधायला बाहेर पडतात.

कुर्डूला जमिनीतले जड धातू ओढून घ्यायची खोड आहे. चीनमधल्या संशोधकांना ही वनस्पती मँगनीज आणि कॅडमियम विलक्षण प्रमाणात पानांत साठवताना आढळली आहे, इतकी की दूषित जमीन साफ करायला ती वापरता येईल का यावर तिथे काम चालू आहे. जमीन साफ करणारं झाड ताटात नको. कारखान्याच्या मागचं मैदान, सांडपाण्याचा नाला, कचरा डेपो, हायवेची कड, रेल्वे रुळाच्या बाजूचा पट्टा, अशा ठिकाणचं कुर्डू कितीही तजेलदार दिसलं तरी सोडून द्या. कॅडमियम उकळून, धुऊन जात नाही.

दुसरी जागा म्हणजे शेत. मालकाला विचारल्याशिवाय तोडू नये हा शिष्टाचार तर आहेच, पण विचारायचं खरं कारण फवारणी आहे. तणनाशक मारल्यावर काही दिवस तण हिरवंच दिसतं, वाळायला वेळ लागतो. बांधावरचं तणही अनेकदा फवारलेलं असतं. 'कधी फवारलंय?' हा प्रश्न विचारायला लाजू नका. भाजी विकणाऱ्या मावशींनाही कुठली आणली हे विचारता येतं आणि बहुतेक जणी जागेचं नाव सांगतात.

घरी लावायचं तर

इतकी खात्री करण्यापेक्षा कुंडीत किंवा परसात लावणं सोपं आहे. माती आपली, पाणी आपलं. आणि कुर्डूइतकं कमी नखरे करणारं झाड कमीच.

बी नर्सरीत मिळेलच असं नाही, बागेतल्या कोंबड्याचं मात्र मिळतं. गावाकडून दोन वाळलेले तुरे आणले तरी पुरे, बी फार बारीक असतं. चिमूटभर बी मूठभर बारीक वाळूत मिसळून ओल्या मातीवर विखरायचं आणि वरून मातीचा अगदी पातळ थर द्यायचा. खोल गेलं तर उगवत नाही. पाणी झारीने. उबदार हवेत आठवडाभरात उगवतं. रोपाला चार-पाच खरी पानं आली, म्हणजे साधारण तीन आठवड्यांनी, वीतभर अंतरावर उपटून लावायचं. गर्दी होऊ दिली तर रोपं बारीक, उंच आणि लवकर तुऱ्यावर येणारी होतात.

शेणखत किंवा गांडूळखत भरपूर द्या. पालेभाजी आहे, नत्र मिळालं तर पानं मोठी आणि कोवळी येतात. पूर्ण ऊन हवं. माती कधी कोरडी पडू देऊ नका आणि पाणी साचूही देऊ नका, लहान रोपं बुडाशी कुजून आडवी पडतात. फेब्रुवारीअखेर ते जुलै हा पेरणीचा चांगला काळ. नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये पेरलं तर थंडीने वाढ रखडते आणि दिवस लहान असल्याने पानांआधी तुरा दिसतो.

काढणीच्या दोन पद्धती आफ्रिकेत आहेत. एकतर चार-पाच आठवड्यांनी मुळासकट उपटून विकायचं आणि त्या जागी पुन्हा पेरायचं. नाहीतर जमिनीपासून १० ते १५ सेंटिमीटर वर छाटायचं, खाली काही पानं ठेवायची, म्हणजे बाजूने फुटवे येतात आणि दर दोन-तीन आठवड्यांनी पुन्हा छाटता येतं. घरासाठी दुसरी पद्धत बरी. मधेच कुठे तुरा डोकावला तर लगेच खुडा, झाड आणखी काही दिवस पानं देत राहील.

पानं खाणाऱ्या अळ्या आणि नाकतोडे येतात. थोड्या झाडांवर हाताने वेचणं पुरतं. झाड चांगलं खतपाणी असूनही खुरटलं तर एखादं उपटून मुळं बघा. मुळांवर गाठी दिसल्या तर सूत्रकृमी आहेत, त्या मातीत पुन्हा कुर्डू, वांगी, टोमॅटो, भेंडी लावू नका.

ज्यांचं घर शेताला लागून आहे त्यांनी एवढं पथ्य पाळायचंच: बियांसाठी दोन झाडं ठेवा, बाकी सगळी तुरा पिकायच्या आत उपटा. नाहीतर तुमच्या परसातली हौस पुढच्या जूनमध्ये शेजाऱ्याच्या सोयाबीनमध्ये उगवेल आणि मग भांडण ठरलेलं.

राखलेल्या दोन झाडांचे तुरे ऑक्टोबर-नोव्हेंबरात खालच्या बाजूने तपकिरी पडू लागले की ते वाऱ्याने सांडायच्या आत कापायचे. कागदाच्या पिशवीत उलटे टांगून आठ-दहा दिवस सावलीत वाळवायचे आणि हाताने चोळून सुपात पाखडायचे. काळं, चमकणारं बी तळाशी उरतं. ते कोरड्या बाटलीत भरून, वर वर्ष लिहून ठेवायचं.